तीन गोळ्यांची उधारी

जुलैचा महिना, संध्याकाळचे साडेआठ. बाहेर पाऊस, आत बाकड्यावर अजून पंधरा पेशंट बसलेले. डॉक्टरांसमोरच्या माणसाचं नाक वाहतंय, घसा धरलाय, अंगात कणकण आहे आणि उद्या सकाळी त्याला कामावर जायचंय. छातीला स्टेथोस्कोप दोनदा टेकतो, जीभ बाहेर काढून 'आ' म्हणून होतं आणि कागदावर पाच ओळी उमटतात. पहिली ओळ अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००, रोज एक, तीन दिवस. दुसरी तापासाठी पॅरासिटामॉल. तिसरी सर्दीची गोळी. चौथी पॅन्टोप्राझोल, कारण एवढ्या गोळ्यांनी पित्त होईल. पाचवी प्रोबायोटिकची कॅप्सूल, कारण पहिल्या ओळीतल्या औषधाने पोट बिघडू शकतं.

म्हणजे पाहुणा एक आणि त्याची सरबराई करायला दोन माणसं. हा पाहुणा बोलावण्याची गरज होती का, हे विचारायला वेळ कोणालाच नसतो.

खर्च तसा फार वाटत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीला सरकारने एप्रिल २०२५ पासून कमाल किंमत ठरवली ती २३ रुपये ९८ पैसे, कर वेगळा. तीन गोळ्यांचे झाले बहात्तर रुपये. चारेक वडापाव. एवढ्यात जर 'लवकर बरं वाटणार' असेल तर कोण नको म्हणेल?

अडचण अशी की सर्दी-पडसं, फ्लू आणि बहुतेक घसादुखी ही विषाणूंची करामत असते. अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. जिवाणूच्या पेशीची भिंत किंवा त्याचं प्रथिनं बनवणारं यंत्र बंद पाडून ते सहसा काम करतं, आणि विषाणूकडे या दोन्ही गोष्टी नसतात. ज्या घरात नळच नाही तिथे प्लंबर पाठवावा, तसा हा प्रकार. तरीही प्लंबर आल्यावर घरातली गळती थांबली असं लोक शपथेवर सांगतात, कारण सर्दी तशीही आठवड्याभरात ओसरायचीच असते. 'औषध घेतलं तर सात दिवस, नाही घेतलं तर एक आठवडा' हा विनोद आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. फक्त स्वतःला सर्दी झाली की तो आठवत नाही. खोकल्याचं तर आणखी विचित्र आहे. साध्या ब्राँकायटिसचा (श्वासनलिकेच्या सुजेचा) खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, पण माणसाची अपेक्षा असते आठवड्याची. त्या मधल्या दहा-अकरा दिवसांत माणूस एक डॉक्टर बदलतो, एक 'जास्त पॉवरचं' औषध घेतो आणि शेवटी ज्याच्याकडे गेल्यावर खोकला थांबतो, त्याच्या हाताला गुण आहे असं ठरतं.

इथे डॉक्टरांना किंवा पेशंटला दोष देऊन मोकळं होता येतं, आणि बरेच लेख तेच करतात. मला ते पटत नाही. दोघांच्याही जागी बसून हिशेब केला तर दोघंही व्यवहारी माणसासारखेच वागताना दिसतात.

पेशंटची बाजू बघा. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. एक दिवस खाडा झाला की चार स्ट्रिपांचे पैसे गेले. शिवाय दवाखान्यात पुन्हा यायचं तर पुन्हा फी, पुन्हा रिक्षा, पुन्हा दोन तास बाकड्यावर. तो म्हणणारच, 'डॉक्टर, एकदाच काय ते भारीतलं द्या.'

डॉक्टरांची बाजू तितकीच सरळ आहे. हा ताप विषाणूचा की जिवाणूचा हे खात्रीने सांगायला चाचणी हवी. साधी रक्ततपासणी केली तरी दोन-तीनशे रुपये, कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून बघणं) करायचं तर त्याहून कितीतरी जास्त आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस. चाचणी महाग आणि गोळी स्वस्त असेल तर माणूस चाचणीच्या जागी गोळीच वापरणार. त्यातून हा शंभरातला एखादा पेशंट न्यूमोनियाचा निघाला तर? म्हणून बहात्तर रुपयांचा विम्याचा हप्ता भरून टाकायचा, आणि तोही पेशंटच्या खिशातून. आणि 'काही नको, गरम पाणी प्या, आराम करा' असं सांगून फी घेतली तर पेशंट उद्या समोरच्या गल्लीतल्या दवाखान्यात जाईल, ही भीती आहेच. समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, लिहून द्यायला अर्धं मिनिट. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळलं की ओपीडीचे तास जसजसे पुढे सरकतात तसतसं श्वसनाच्या साध्या आजारांना अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण वाढत जातं. डॉक्टर तेच, आजार तेच. थकवा तेवढा वाढलेला. अमेरिकेत ओपीडीतल्या अँटिबायोटिक चिठ्ठ्यांपैकी निदान २८ टक्के अनावश्यक असतात, असं तिथली रोगनियंत्रण संस्थाच सांगते. सवय फक्त आपल्याकडची नाही.

आपल्याकडे भर पडते ती पुडीची. अनेक फॅमिली डॉक्टर फीमध्येच दोन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. लाल, पांढरी, अर्धी पिवळी. त्यात अँटिबायोटिक आहे की नाही हे पेशंटला कळतही नाही. दोन दिवसांत बरं वाटलं की विषय संपला.

आता हे एका दवाखान्यातून देशाच्या पातळीवर नेऊ. २०१९ साली भारताच्या खासगी बाजारात अँटिबायोटिक्सच्या सुमारे ५०७ कोटी मात्रा खपल्या, असा अंदाज 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियाविषयीच्या नियतकालिकात २०२२ मध्ये छापून आला. मात्रा म्हणजे प्रौढ माणसाचा त्या औषधाचा सरासरी एका दिवसाचा डोस. सगळ्यांत जास्त खप अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० च्या गोळीचा, एकूण मात्रांच्या ७.६ टक्के. तिच्या पाठोपाठ सेफिक्झिम २००. अ‍ॅझिथ्रोची प्रमाण मात्रा ३०० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे या एका प्रकारच्या अंदाजे २३ कोटी गोळ्या झाल्या. एप्रिल २०२५ च्या कमाल दराने साडेपाचशे कोटी रुपये. यातल्या कितींची गरज होती हे या आकड्यातून कळत नाही, पण अमेरिकेसारखं शेकडा २८ हे प्रमाण धरलं तरी दीडशे कोटींवर रक्कम जाते. एका औषधाची, एका वर्षाची. आणि हा पैसा जवळजवळ सगळा लोकांच्या खिशातला, कारण दवाखान्यातल्या औषधांना विम्याचं संरक्षण आपल्याकडे सहसा नसतं.

पण ही झाली दुकानदाराच्या बिलावर दिसणारी रक्कम. मोठी रक्कम बिलावर येतच नाही, आणि ती समजून घ्यायला मराठवाड्यातल्या माणसाला अर्थशास्त्राचं पुस्तक लागणार नाही. गावात एकाने बोअर पाडला, त्याला दोनशे फुटांवर पाणी लागलं. त्याने फक्त मोटारीचा आणि विजेचा खर्च केला. शेजाऱ्याची विहीर पुढच्या उन्हाळ्यात आटली. त्याने चारशे फूट बोअर घेतला. मग तिसऱ्याने सहाशे. कोणीच कोणाचं पाणी चोरलं नाही, प्रत्येकाने आपल्या शेतात आपल्या पैशाने भोक पाडलं, आणि पाच-सात वर्षांत सगळ्या गावाला प्रत्येक बादली महाग झाली. अँटिबायोटिकचं असंच आहे. मी घेतलेली गोळी माझ्या आतड्यातल्या कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणूंपैकी कच्चे मारते आणि पक्के जगवते. ते पक्के मग घरात, शौचालयात, नाल्यात, दवाखान्यात पसरतात. माझी सर्दी बरी होते. वर्षभराने कोणाच्या तरी आईला लघवीचा संसर्ग होतो आणि पूर्वी तोंडाने घ्यायच्या गोळीवर बरा होणारा तो आजार आता ऐकत नाही. तिला अ‍ॅडमिट करून दिवसातून तीनदा शिरेतून इंजेक्शन द्यावं लागतं. ती बाई आणि मी एकमेकांना ओळखतही नाही. पण माझी उधारी तिच्या खात्यावर चढलेली असते.

हे नुसतं दृष्टान्तापुरतं नाही, आपल्या डोळ्यांसमोर एका आजाराच्या बाबतीत घडून गेलंय. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने टायफॉइड बरा होतो हे दिसलं, आणि ज्या तापाने घरंच्या घरं बसायची तो स्वस्त गोळीवर आला. हा दोनशे फुटांचा बोअर. १९८०-९० च्या काळात भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्हींना दाद न देणारा टायफॉइड पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. पहिली काही वर्षं जादू झाली, मग तेही गेलं. आज भारतातल्या प्रयोगशाळांत तपासलेले टायफॉइडचे ९५ टक्क्यांहून जास्त जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला पुरते शरण जात नाहीत. मग सेफ्ट्रायाक्झोन, तेही इंजेक्शनने. आणि तोंडाने घ्यायचं उरलेलं भरवशाचं औषध कोणतं? तेच, सर्दीला लिहिलेलं अ‍ॅझिथ्रोमायसिन.

त्याची किंमत काय आहे हे पाकिस्तानात कळतं. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून टायफॉइडचा असा वाण पसरला की सेफ्ट्रायाक्झोनही चालेना. तोंडाने घेण्यासारखं एक अ‍ॅझिथ्रो उरलं, आणि त्याच्या पलीकडे मेरोपेनेमसारखी शिरेतून द्यायची औषधं. म्हणजे एका बाजूला काही गोळ्या खिशात घालून घरी जाणं आणि दुसऱ्या बाजूला आठवडा-दोन आठवडे खाटेवर पडून दिवसाला तीन व्हायल. औषधाचं बिल, खाटेचं भाडं, सोबतीला बसलेल्या माणसाचा बुडालेला रोज. मधली भिंत एका गोळीची, आणि आपण ती गोळी नाक वाहतंय म्हणून घेतोय.

या गोष्टीत एक चांगला उपभाग आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल वापरणं जवळपास बंद झालं आणि काही दशकांत टायफॉइडचे जिवाणू पुन्हा त्याला शरण जाऊ लागले. भारतात आज बहुतेक नमुने त्या जुन्या औषधाने मरतात. उपसा थांबवला तर विहिरीला पाणी परत येतं. सगळ्याच जिवाणूंच्या बाबतीत असं होत नाही, आणि वाट बघायला वीस-तीस वर्षं लागतात, पण होतं.

उधारीचा आकडा काढायचा प्रयत्नही झालाय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने थायलंड आणि अमेरिका या दोन देशांत पाच प्रमुख जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे, म्हणजे औषधाला दाद न देण्यामुळे, होणारं नुकसान मोजलं आणि ते खपलेल्या औषधांवर वाटून टाकलं. थायलंडमध्ये अँटिबायोटिकच्या एका नगामागे, म्हणजे साधारण एका गोळीमागे, हे नुकसान १० ते ७० सेंट भरलं. अ‍ॅझिथ्रो ज्या गटात मोडतं त्याचं कमी, सेफिक्झिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटांचं जास्त. रुपयांत म्हणाल तर गोळीमागे साधारण आठ ते साठ. म्हणजे काही गोळ्यांच्या बाबतीत छापील किमतीपेक्षा न छापलेली किंमत मोठी. हे आकडे भारताला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण पेट्रोलवर जसा कर बसतो तसा या नुकसानाचा कर स्ट्रिपवर छापला असता तर ती कितीला पडली असती, याचा अंदाज येतो. आणि भारतात नुकसान लहान नाही. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट मेलेल्यांची संख्या भारतात २ लाख ९७ हजार होती, असा जागतिक पातळीवरचा अंदाज आहे.

आपल्या आरोग्यव्यवस्थेची रचना या उधारीला खतपाणी घालते. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत रुग्णालयात दाखल झाल्यावर मदतीला येतात. तिथे कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण दाखल व्हायची वेळ येऊ नये म्हणून दवाखान्यात करायची तीनशे रुपयांची चाचणी? ती ज्याची त्याने करायची. म्हणून तो ती करत नाही, गोळी घेतो. सरकार दाराशी तीनशे वाचवतं आणि मागच्या दाराने आयसीयूचं बिल भरतं.

चुकीच्या गोळीचा आणखी एक खर्च असतो, वेळेचा. दिल्ली, मुंबई आणि पाटण्यात संशोधकांनी क्षयरोगाची लक्षणं सांगणारी, शिकवून तयार केलेली माणसं मेडिकलच्या दुकानांत पाठवली. दोन-तीन आठवडे खोकला आणि ताप असल्याचं ती सांगायची. ३७ टक्के वेळा त्यांच्या हातात अँटिबायोटिक पडलं, चिठ्ठीशिवाय. टीबीचं निदान असं गोळीगणिक लांबत जातं. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातलं औषध मिळालं तर तात्पुरतं बरंही वाटतं, कारण ते टीबीच्या जिवाणूला अर्धवट दाबतं. तोवर तो माणूस लोकलच्या डब्यात खोकत असतो. याचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा?

'पण नवी औषधं येतील की,' असं कोणी म्हणेल. आणखी खोल बोअर. इथे बाजाराचं गणित उलटं फिरतं. नवं अँटिबायोटिक जितकं चांगलं तितकं ते जपून, कमी वापरायचं. मग ते बनवणारी कंपनी कमवणार कशावर? अकाओजेन या अमेरिकी कंपनीला प्लाझोमायसिन नावाच्या नव्या अँटिबायोटिकसाठी जून २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इंग्लंडने यावर उतारा म्हणून दोन नव्या औषधांना वर्गणी लावून पाहिली: किती वापरलं याचा संबंध नाही, वर्षाला ठरलेली रक्कम घ्या. बंबखान्याला आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही, तसं.

आपल्याकडे कायदा आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वन नुसार काही निवडक अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराने पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. खपात दुसऱ्या नंबरचं सेफिक्झिम या यादीत येतं. पहिल्या नंबरचं अ‍ॅझिथ्रो मात्र त्या मूळ यादीत नव्हतंच. केरळने २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय विक्रीवर धाडी घातल्या. खप २० ते ३० टक्क्यांनी आणि विक्री सुमारे हजार कोटींनी घटल्याचं तिथलं सरकार सांगतं. नवी मुंबई महापालिकेने वेगळ्या टोकाला हात घातला: २०१८ मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना टायफॉइडची नवी लस मोहीम काढून टोचली. ज्याला टायफॉइड होतच नाही त्याला गोळीही लागत नाही आणि टायफॉइड असेल या संशयाने दिलेली गोळीही.

अँटिबायोटिक वाईट, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पावसाळ्यात मुंबईत गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूच्या तापाची) भीती असते म्हणून पालिका बहात्तर तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्यायला सांगते, आणि ते शहाणपणाचं आहे. धाप लागलेलं मूल, न्यूमोनिया, खरोखरचा टायफॉइड, यांना गोळी किंवा इंजेक्शन वेळेवर मिळालंच पाहिजे. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध लेख वाचून बंदही करू नये.

सवय बदलायला स्वस्तातले उपाय चालतात, हे मला सगळ्यांत रंजक वाटतं. सप्टेंबर २०१४ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या वीस टक्के दवाखान्यांना एक पत्र पाठवलं. धमकी नाही, दंड नाही. मुख्य मुद्दा एवढाच, की तुमच्या भागातले ऐंशी टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. सहा महिन्यांत ३.३ टक्के घट, ७३ हजारांहून जास्त चिठ्ठ्या कमी. चारचौघांत आपण वेगळे दिसतो हे कळलं की माणूस सावरतो. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची नावं लावणाऱ्या सेक्रेटरीला हे ठाऊक असतं.

दुसरा उपाय त्याहून जुना आणि त्याहून साधा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात घसा दुखतोय म्हणून आलेल्या ७१६ जणांचे सोडत काढून तीन गट केले. एकाला लगेच अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्याला दिलंच नाही. तिसऱ्याला सांगितलं, तीन दिवस थांबा, उतार पडला नाही तर काउंटरवर तुमची चिठ्ठी ठेवलेली असेल, घेऊन जा. बरं व्हायच्या वेळेत तिन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही, आणि समाधानी तिन्ही गटांत नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त होते. फरक पडला तो पुढच्या वेळी. ज्यांना लगेच औषध मिळालं होतं त्यांच्यातले ७९ टक्के म्हणाले, पुन्हा घसा दुखला तर डॉक्टरांकडेच येऊ. बाकीच्या दोन गटांत असं म्हणणारे ५४ आणि ५७ टक्के. म्हणजे पहिली चिठ्ठी पुढच्या चिठ्ठीची गिऱ्हाइकं तयार करते.

आणि काउंटरवर ठेवलेल्या त्या तिसऱ्या गटाच्या चिठ्ठ्या? शंभरातल्या एकोणसत्तर जणांनी ते औषध घेतलंच नाही.